बिकानेरचे एकोणीस दिवस

कौशल्या भोयर मूळच्या रामटेकच्या. नागपुरात सदरजवळच्या मुलींच्या शाळेत त्या पी.टी. शिकवत आणि संध्याकाळी शाळेमागच्या मैदानात मुलींना कबड्डी खेळवत. उंच, सावळ्या, आवाज खणखणीत. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर ‘वेळ नाही’ म्हणत, आणि ते खरंही होतं. बाई रागीट, असं सगळी शाळा म्हणे. पण तो राग मैदानापुरता. ओरडून झालं की विसरून जात. विसरता न येणारा राग त्यांना चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात आला.

त्या वर्षी बिकानेरला मुलींच्या स्पर्धा होत्या. बाई दहा मुली घेऊन गेल्या. मॅनेजर म्हणून सोबत आले क्रीडा मंडळाचे सचिव वामनराव. परतीची तिकिटं आणि घरच्यांनी दिलेले खर्चाचे पैसे त्यांच्याच कातडी बॅगेत होते. सात तारखेला स्पर्धा संपली आणि आठपासून रेल्वेचा संप सुरू झाला. बाई सकाळी स्टेशनवर चौकशीला गेल्या, तर फलाटावर चिटपाखरू नव्हतं.

उतरल्या जागी परत येतात, तर वामनराव गायब. संघाची कप्तान देवकी दारातच उभी होती.

“पंचांच्या जीपमध्ये एक जागा होती, बाई. त्यात गेले. जयपूरहून सोय करतो, दोन दिवस थांबा म्हणे.”

“अन् बॅग?”

“घेऊन गेले.”

बाईंनी आत जाऊन आधी मुली मोजल्या. मुलींना वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं देवकी पुढे कित्येकदा सांगे.

स्पर्धेची जागा त्याच दिवशी रिकामी करावी लागली. कोटगेटजवळच्या एका धर्मशाळेत मांगीलाल नावाच्या म्हाताऱ्या राखणदाराने दोन खोल्या उघडून दिल्या. “बाईसा, रहो आराम से. बस, पानी सोच के,” एवढंच तो म्हणाला. नागपूरच्या पोरी उन्हाला भीत नसत. पण इथलं ऊन निराळंच. वारा सुटला की बारीक वाळू दातांत, पोळीत, डोळ्यांत. अकरा जणींना मिळून दिवसाला चार बादल्या पाणी.

जेवणाचं काय, हा प्रश्न शेजारच्या गल्लीतल्या बायकांनी सोडवला. त्या घरोघरी पापड लाटत. मुलींनी त्यांच्यासोबत लाटायचे, बदल्यात दोन वेळची डाळ-रोटी. मुली हसत-खिदळत लाटू लागल्या. बाईही पदर खोचून बसल्या, पण त्यांचं लाटणं पाटावर असं आपटे, की शेजारची बाई दचकून बघे. मैदानात कमावलेले ते हात. परक्या गावात पोटासाठी पापड लाटायची वेळ त्यांच्यावर कोणी आणली, हे बाईंच्या डोक्यातून जाईना. मांगीलालकडून उसने घेऊन त्यांनी मंडळाला तीन तारा केल्या. एकीचंही उत्तर आलं नाही.

नवव्या दिवशी देवकीला लू लागली. अंगाची नुसती भट्टी. बाईंनी त्या दिवशी सगळ्यांच्या वाटचं पाणी तिच्या कपाळावरच्या पट्ट्यांसाठी ठेवलं. ताप उतरू लागला तेव्हा पोरीने विचारलं, “वामनराव आपल्याले विसरले काहून, बाई?”

“विसरले नाही वं. सोडून गेले. तू झोप.”

एकोणीस दिवसांनी संप मिटल्यावर स्टेशन मास्तरांनी सगळी हकीकत ऐकली, तिकिटांऐवजी हातानं एक चिठ्ठी लिहून दिली आणि अकरा जणींना पहिल्या गाडीत बसवलं.

नागपुरात उतरल्यावर कळलं, वामनराव चौथ्याच दिवशी घरी पोचले होते. मुली सरकारी विश्रामगृहात मजेत आहेत, असं त्यांनी पालकांना सांगितलं होतं. तिन्ही तारा त्यांच्या टेबलाच्या खणात होत्या.

जून महिन्यात मंडळाने सदरमध्ये मुलींचा सत्कार ठेवला. वामनराव भाषणाला उभे राहिले. “मुलींची नीट सोय लावूनच मी तिथून निघालो,” असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. बाई मंचावरच बसल्या होत्या. त्या उठल्या.

“वामनराव, आम्ही ज्या धर्मशाळेत राहिलो, तिचं नाव सांगा.”

“अहो बाई, हे काय आता इथं...”

“नाव सांगा. नाही तर राखणदाराचं सांगा. तेही नाही, तर तुमच्या विश्रामगृहात पोरी काय करत होत्या, ते सांगा. पापड लाटून राहिल्या होत्या. एक मरता मरता वाचली.”

देवकीचे वडील धोंडबा मागच्या रांगेतून उठले, मंचाजवळ आले आणि मुलीचा हात धरून तिला खाली घेऊन गेले. मग एकेक करत बाकीचे पालकही उठले. शाली तशाच टेबलावर राहिल्या.

मंडळाने बाईंचं नाव प्रशिक्षकांच्या यादीतून काढलं. वामनराव सचिवच राहिले. बाईंनी शाळेमागच्या मैदानात मुलींना खेळवणं सोडलं नाही. मात्र बाहेरगावी जाताना प्रत्येक मुलीचं तिकीट तिच्या स्वतःच्या हातात देत.

सात वर्षांनी वामनराव मैदानावर आले. सोबत नात होती, दहा वर्षांची, चपळ. “हिले तुमच्या हाताखाली घ्या, बाई. झालं गेलं ते सोडा आता.”

“पोरीचा काय दोष? तिले मी घेते,” बाई म्हणाल्या. “पण उद्यापासून तिच्या आईले पाठवा. तुम्ही येऊ नका. मी काही सोडलं नाही.”

आणि शिट्टी तोंडात धरून त्या पोरीला रांगेत उभं करायला वळल्या.