आप्पांना बाधलेलं गवत

दार आप्पांनी उघडलं, आणि मी माझ्या वडिलांना ओळखलं नाही.

नणंदेच्या मुलीचं लग्न आटोपून मी जयपूरला परतले होते. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. कपाळ जाड, काळपट-लाल, त्यावर आडव्या वळ्या. गाल, कान, मान सगळं फुगलेलं. कानामागून पाणी पाझरत होतं.

"अगं, मी आहे," तो माणूस म्हणाला. आवाज आप्पांचा होता. माझ्या हातातली पिशवी तिथंच पडली.

"आप्पा, हे काय झालं?"

"काही नाही. ऊन बाधलं असेल इकडचं."

मागून हे आले आणि हळूच म्हणाले, "फोनवर मला सांगू देत नव्हते. लग्नघरात कशाला घोर लावायचा, म्हणाले."

यांची विमा कंपनीतली नोकरी, त्यामुळं बदली होऊन आम्ही जयपूरला आलो होतो. आई गेल्यावर आप्पा सांगलीकडचं घर बंद करून आमच्याकडंच राहायला आले. पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस, रिकामा बसणार कसा? झोटवाड्यात आमच्या भाड्याच्या घरासमोर एक मोकळा प्लॉट होता. पावसानंतर त्यात कमरेइतकं गाजरगवत माजलं, बारीक पांढऱ्या फुलांचं. रोज सकाळी आप्पा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून जायचे आणि ते हातानं उपटायचे. "बाबूजी ने तो कॉलोनी चमका दी," असं शेजारी म्हणायचे आणि आप्पा खूश व्हायचे.

मी लग्नाला निघाले तेव्हा त्यांच्या पापण्यांना थोडी खाज होती. खोबरेल लावा, म्हटलं आणि गाडीत बसले. माझ्या माघारी शेजारच्या भाभींनी मुलतानी माती सुचवली, कुणी कडुलिंबाचा पाला. यांनी वांगी आणि अंडी बंद केली. सगळ्यांचा संशय जयपूरच्या पाण्यावर.

दुसऱ्याच दिवशी त्यांना सी-स्कीममधल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी आप्पांची हनुवटी वर केली, कानामागं पाहिलं, कोपराच्या खळग्या पाहिल्या. मग शर्ट काढायला सांगितला. बनियनखालची कातडी अगदी स्वच्छ होती. जिथं जिथं अंग उघडं, तिथंच सगळं.

"बाबूजी, सुबह-सुबह कहाँ जाते हैं?"

ते प्लॉटमधलं गवत उपटायला जातात, असं मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "कौन सी घास?"

ऐकताच आप्पा ताठ झाले. "गवत? यांना सांग, मी जन्मभर त्याच गवतात उभा होतो. कालव्याच्या कडेचं मी स्वतः उपटलंय. तेव्हा कधी साधं पुरळ उठलं नाही."

मी हिंदीत सांगितलं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "इसीलिए तो हुआ." शरीर वर्षानुवर्षं सोसतं, आणि म्हातारपणी एक दिवस सोसायचं थांबतं, असं त्यांनी समजावलं. एकदा वैर धरलं की मग गवताला हातही लावावा लागत नाही. त्याची धूळ वाऱ्यावर आली तरी पुरते.

सूज उतरल्यावर त्यांच्या पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून तपासणी केली. पट्ट्या काढल्या तेव्हा बाकी पाठ कोरी होती. फक्त गवताच्या चौकोनाखाली लालभडक, फोडांचा ठसा उमटला होता. आप्पांना पाठ दिसत नव्हती. मला दिसली.

गोळ्या, मलम, पूर्ण बाह्यांचे शर्ट, सकाळचं बाहेर जाणं बंद. दिवाळीपर्यंत चेहरा पुन्हा ओळखू येऊ लागला. थंडीत प्लॉटमधलं गवत वाळून काटक्या झाल्या. आम्हाला वाटलं, सुटलो.

एका संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्याच काटक्या गोळा करून शेकोटी पेटवली. "बाबूजी, आइए, हाथ सेंक लीजिए." किती प्रेमानं बोलावलं होतं! आप्पा गेले. मीही अडवलं नाही. धुराकडं तोंड करून ते गप्पा मारत बसले.

सकाळी भिंत चाचपत कुणीतरी चालल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर आप्पा न्हाणीघर शोधत होते. दोन्ही डोळे पार मिटले होते.

"लाईट गेले का गं?" त्यांनी विचारलं.

लाईट चालू होते. मी त्यांचा हात धरला. तळहात तापला होता.

"वाळलं म्हणजे मेलं ना ते?" ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. "वाळलेलं गवत काय करणार?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाळलेलं, जळलेलं, सगळं तेच. शेजारच्या भाभी ऐकून रडायलाच लागल्या.

डोळे उघडायला बरेच दिवस गेले. आम्ही घर बदललं, दूरच्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथं आप्पा पुष्कळ सावरले. मानेची कातडी मात्र जुन्या चपलेसारखी राठ झाली ती कायमची, आणि पावसाळ्यानंतर पापण्या सुजायच्याच.

पुढच्या वर्षी घराचं काही काम निघालं म्हणून मी त्यांना घेऊन सांगलीला निघाले. गाडीनं जयपूर सोडलं आणि सवयीनं मी खिडकीबाहेर बघू लागले. रुळांच्या कडेनं पांढरी फुलं. पुढचं स्टेशन आलं, तिथंही. मग कुठल्याशा नाल्याकाठी, एका शाळेच्या कुंपणाला, सिग्नलच्या खांबाशी. इतकी वर्षं याच रस्त्यानं ये-जा केली, मला ती एकदाही दिसली नव्हती.

"काच लाव," आप्पा म्हणाले. त्यांनी उपरणं नाकातोंडावर गुंडाळलं आणि खिडकीकडं पाठ केली.