मॅडम, जरा बाहेर थांबा

आमच्या कापसाच्या मुलखात, घाटाखालच्या एका तालुक्याच्या कोर्टात मी सव्वीस वर्षं स्टेनो होते. न्यायाधीश साहेब सांगायचे, मी टाइप करायची. खून, चोऱ्या, पोटगी, भाऊबंदकी, सगळं या बोटांखालून गेलं. फक्त शिव्या गेल्या नाहीत. साक्षीदार शिवीपाशी आला की साहेब घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "मॅडम, जरा बाहेर थांबा." मी उठून व्हरांड्यातल्या बाकावर बसायची आणि माझ्या खुर्चीवर बेंचचे बाबू, म्हणजे साहेबांसमोर बसणारे कारकून, येऊन बसायचे. माणूस कुऱ्हाडीने कसा तोडला ते मला ऐकवलेलं चालायचं, तोडताना मारणारा काय म्हणाला तेवढं चालायचं नाही.

राग यायचा, पण रागापेक्षा उत्सुकता जास्त. आत नेमकं काय म्हटलं असेल? परत आल्याबरोबर मी आधी स्क्रीनकडे बघायची. तिथे फुल्या असायच्या. बाबूंची फुल्यांचीही पद्धत होती. साध्या शिवीला तीन, आईवरच्या शिवीला पाच, आणि ज्या शिवीने त्यांचे स्वतःचे कान लाल व्हायचे तिला सात. एकदा मी सहा फुल्या पाहिल्या आणि दिवसभर त्यातच अडकले. शेवटी न राहवून विचारलं. बाबू म्हणाले, "चुकून पडली हो एक जास्तीची." मला काही ते पटलं नाही.

साहेब बदलत गेले तशा एकेकाच्या आवडी कळत गेल्या. एका साहेबांना संस्कृतचा भारी लळा. कोणी कोणाला रांड म्हटलं की त्यांच्या तोंडून "फिर्यादीच्या चारित्र्याविषयी अनुदार उद्गार काढले" असं बाहेर पडायचं. कागद वाचून दाखवला की ती बाई गोंधळून बघत राहायची, हे भांडण आपलंच का म्हणून. दुसरे एक साहेब अशी वाक्यं इंग्रजीत घालायचे. सरकारी वकिलांचा जीव 'शरीरसंबंध' या शब्दावर, बचावाच्या वकिलांचा 'प्रेमसंबंध'वर. आणि दुपारी चहाच्या टपरीवर हेच दोघे त्याच प्रकरणाला 'लफडं' म्हणायचे.

माझ्याही आवडीनिवडी होत्या, खोटं कशाला बोलू? 'संभोग' मला कधी आवडला नाही. ज्यांनी तो केला त्यांच्यापैकी एकाही साक्षीदाराच्या तोंडून मी तो शब्द ऐकला नाही. 'जवळ येणं' मला आवडायचं, माझ्या सासूबाई शेजारणीशी हळू आवाजात बोलताना तेच म्हणायच्या. 'गुप्तांग' वाचलं की मला गुप्तधन आठवायचं. बाबू 'छिनाल' लिहायचे, हिंदीसारखं. मला 'छिनाळ'च बरोबर वाटायचं, आणि आमच्याकडची म्हातारी माणसं तर ळचा य करून 'छिनाय' म्हणतात, ते मात्र मी कोणत्याच कागदावर पाहिलं नाही. 'रांडे' हा शब्द माझ्या आईने वेणी घालताना इतक्या मायेने वापरला होता की ती शिवी आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. या सगळ्यामुळे माझा असा समज झाला होता की आपण या बाबतीत फार धीट आहोत. पुरुषांनाच शब्दांची भीती वाटते, आपल्याला नाही.

मग ती फिर्याद आली. सोनाळ्याकडची शेतकरी बाई, चाळिशी ओलांडलेली. शेजारच्या वावरवाल्याने धुरा, म्हणजे मधला बांध, मोडून तिच्या वावरातून ट्रॅक्टर घातला, ती आडवी उभी राहिली, आणि तो कापूस वेचणाऱ्या आठ-दहा बायांसमोर तिला काहीतरी बोलला. त्या बायांत तिची सूनही होती. ठाण्यात लिहून घेणाऱ्याने, तिच्या अब्रूची काळजी म्हणूनच असेल, फक्त 'अश्लील शिवीगाळ केली' एवढंच लिहिलं. आपल्याकडे याला सभ्यपणा म्हणतात. कोर्टात मात्र हा सभ्यपणा आरोपीच्या कामी येतो. शब्दच कागदावर नसतील तर ते अश्लील होते हे ठरवायचं कशावरून? तिने ते साक्षीत सांगितले नाहीत तर तो सुटणार होता, आणि सुटून गावात गेला की त्याच धुऱ्यावर तिला रोज त्याच्यासमोरून जायचं होतं.

साहेब नवीन होते, तरुण आणि भले. त्यांनी विचारलं, "तो काय म्हणाला, ते सांगा."

ती म्हणाली, "घाण बोलला."

"काय घाण बोलला?"

तिने पदर डोक्यावर ओढला. बचावाचे वकील उगाचच कागद चाळत होते. मी मनात म्हणत होते, बोल बाई, बोलून टाक. साहेबांना वाटलं अडचण माझी आहे. त्यांनी घसा साफ केला. "मॅडम, जरा बाहेर थांबा."

मी सवयीने उठले. खुर्ची मागे सरली तशी ती पिंजऱ्यातून म्हणाली, "साहेब, या बाईले पाठवू नोका."

साहेब म्हणाले, "का?"

"त्या गेल्या तं मंग इथं मी एकटीच बाई राह्यते."

मी सगळीकडे बघितलं. साहेब, बाबू, शिपाई, दोन वकील, आरोपी, त्याची चार माणसं. इतकी वर्षं मी बाकावर बसून आत काय चाललंय याचा अंदाज करायची, पण आत मागे कोण उरतं याचा विचार एकदाही केला नव्हता. साहेबांनी मला हाताने बसायची खूण केली.

मग ती माझ्याकडे बघून बोलली. साहेबांकडे नाही, वकिलांकडे नाही. शेजारणीला सांगावं तसं सरळ, अख्खं वाक्य. ते वाक्य मी इथे लिहीत नाही. ते तिला उद्देशून होतं आणि तिने ते एकदा सांगितलं, तेवढं पुरे. आरोपीने मान खाली घातली. बाबू खिडकीबाहेर बघू लागले.

साहेब सांगू लागले, "लिहा, फिर्यादीच्या गुप्तांगाचा उल्लेख करून..."

मी थांबले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा थांबले असेन. म्हटलं, "साहेब, ती असं म्हणाली नाही."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. जसं बोलली तसं लिहा."

मी लिहिलं. एक फुली नाही, तिचे उच्चारसुद्धा तसेच ठेवले. मला मोठा अभिमान वाटला, आणि तो जेमतेम पाच मिनिटं टिकला.

कारण साक्ष झाली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. आमच्या कोर्टात ते काम स्टेनोचं. शिव्यांचे कागद बाबू वाचायचे, पण हा मी टाइप केला होता, म्हणून बाबूंनी तो माझ्या हातात दिला. मी उभी राहिले. माझा आवाज चांगला आहे, ठणठणीत वाचते. ट्रॅक्टर वाचला, धुरा वाचला, वेचणाऱ्या बाया वाचल्या. ते वाक्य आलं. मी ते सुरू केलं, आणि तो शब्द जिथे होता तिथून माझी जीभ जणू काही झालंच नाही अशी पुढच्या शब्दावर गेली. कोणाच्या लक्षात आलं नाही. साहेब पुढची तारीख बघत होते. मला कानशिलं तापलेली जाणवत होती आणि स्वतःची भयंकर लाज वाटत होती, कारण तो शब्द मला टाइप करता आला होता, आवडनिवड सांगता आली असती, फक्त चारचौघांत तोंडातून काढता येत नव्हता. जो तिने काढला होता.

शेवटची ओळ वाचून मी नेहमीप्रमाणे विचारलं, "बरोबर आहे?"

ती पेन हातात घेऊन थांबली होती. हळूच, मला सांभाळून घ्यावं अशा आवाजात म्हणाली, "बाई, एक शब्द राह्यला."

मी पुन्हा त्या वाक्याच्या सुरुवातीला गेले आणि ते पूर्ण वाचलं.

"हाव," ती म्हणाली, "असंच बोलला तो." आणि तिने सही केली.