स्थळाचा की हाराचा

अमरावतीच्या त्या कलर लॅबवाल्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. माझा स्टुडिओ अकोल्यात. मॉनिटरचे रंग छपाईशी जुळतील असे कॅलिब्रेट करून घेतले, तरी त्याच्याकडची प्रिंट पडद्यापेक्षा उजळच यायची. सावळी पोरगी पाठवावी अन् गोरी होऊन परत यावी! मला वाटे, हा कागद हलका वापरतो.

एकदा तिथेच ठाण मांडून बसलो. येईल त्या गिऱ्हाइकाला तो मान वर न करता विचारी, "स्थळाचा हाय का हाराचा?" लग्नासाठी दाखवायचा असला, की चेहरा उजळलाच म्हणून समजा. गेलेल्या माणसाचा असला, आणि त्या वर्षांत कापसाच्या गावांतून तसेच फार येत, की प्रिंट खिडकीशी नेऊन बघायचा, पडद्याशी जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचा.

"याच्यातच एवढी मेहनत काहून?" मी विचारलं.

"याले आता कोणाले पसंत पडाचं हाय, भाऊ? घरच्याइले तो जसाच्या तसा दिसला पायजे."

मागच्या महिन्यात मी माझाच फोटो छापायला दिला. त्याने मान वर करून मला नीट न्याहाळलं. कशाचा, ते मात्र विचारलं नाही.

घरी येऊन प्रिंट मॉनिटरशेजारी धरली. तंतोतंत जुळली.