तमग्यामागचं नाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

आमच्या घरात निजामाच्या काळातला एक तमगा आहे, दरबारानं दिलेलं पदक. चांदीचा तारा, मधे निळा मिना, मागे उर्दूत कोरलेलं नाव. दरबार मान द्यायचा तो हयातीपुरताच. माणूस गेला की घरच्यांनी तमगा परत करायचा, असा नियम. म्हणून तर असे तमगे आता सहसा पाहायलाही मिळत नाहीत. मग आमच्याकडे तो कसा उरला, हे कुणी विचारलं नाही. आजोबा पाटील, तेव्हा त्यांचाच असणार — सगळं गाव असंच धरून चाललेलं.

सगळं? नाही. म्हाळूतात्या धनगर म्हणायचे, तो माझ्या बापाचा. पुरातून दरबारची माणसं काढली म्हणून मिळालेला. बाप गेल्यावर आईनं तो हैदराबादला पोचवायला पाटलांच्या हाती दिला. पुढे राज्यच बुडालं, परत मागणारं कुणी उरलं नाही. लोक हसायचे. तात्या मेंढरं घेऊन निघाले की पारावरून कुणीतरी म्हणायचं, "सरका बे, दरबाराची स्वारी आली."

मी शाळेत इतिहास शिकवतो. बीडला एका म्हाताऱ्या उस्तादांकडे उर्दू शिकलो. त्याच वर्षी दसऱ्याला, शस्त्रपूजेच्या वेळी, वडिलांनी तमगा माझ्या हातात दिला. ओसरीवर गाव जमलेलं. "वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं — आधी मनात. बिरू, धनगर, आणि आमच्या गावाचं नाव. समोर तात्या मुंडासं काढून उभे होते. बापाचं नाव ऐकायला.

मी मोठ्यानं आजोबांचं नाव घेतलं.

का? वडील कौतुकानं बघत होते, म्हणून? एवढ्यासाठी?

तेव्हापासून दर दसऱ्याला मलाच वाचावं लागतं. उर्दू येणारं गावात दुसरं कुणी नाही. एकवीस वेळा वाचलं. वडील गेल्यावर तरी थांबता आलं असतं — पण मग आधीच्या वेळांचं काय सांगायचं? दर वर्षी एक दार आणखी बंद. कडी मीच लावलेली.

एकदा तात्या एकटेच शाळेत आले. "गुरुजी, पुन्यांदा बगा की नीट. माजी माय खोटं कावून बोलंल?"

मी म्हणालो, "तात्या, लिहिलंय तेच वाचलं." ते बराच वेळ पायरीवर बसून होते.

यंदा उन्हाळ्यात तात्या गेले. तेरावं उरकल्यावर त्यांचा मुलगा सोपान आमच्या दारी आला. वर ये म्हटलं तरी आला नाही. हात जोडले. "म्हाताऱ्यानं जल्मभर तुमच्या घरावर खोटा आळ घेतला, गुरुजी. आमाला बी लई लाज वाटायची. आता गेला त्यो. मनात ठेवू नका."

तमगा आत, कपाटात होता. दहा पावलांवर.

मी म्हणालो, "जाऊ दे, सोपान. माफ केलं."