ठमानं फोडलेली चूल

बायांनो, आज मन थाऱ्यावर न्हाई म्हणून लिहितेय. वाचून झालं की पत्र पुढच्या घरी द्या.

आपल्या मंडळाची बिनधुराची चूल मी वरच्या वाडीत ठमाच्या घरी बांधली होती. धुरानं तिचं डोळं गेल्यात जमा हायेत. माती मीच मळली, नळकांडं मीच डोक्यावरून नेलं. तुमच्यातली एकबी आली न्हाई.

आज जाऊन बघते तर चूल फोडलेली. मी भडकलेच. "अगं, आंधळी व्हायचंय का तुला?"

ठमा म्हणाली, "आक्का, रागावू नगा. धूर बंद झाला आन छपराच्या गवताला वाळवी लागली. माळ्यावरचं नाचणीचं बियाणंबी किडलं. पावसात पोरं कुटं ठिवू?"

बांधायच्या आधी मी तिला काहीच इचारलं नव्हतं.

तिनं पेटलेल्या तीन दगडांच्या चुलीपाशी बसवून घेतलं. माझं डोळं गळायला लागलं, तर म्हटलं धुरानं. डोंगर उतरताना धूर नव्हता, तरी थांबेनात.

आता डोळं राखायचं का छप्पर? मला एकटीला सुचत न्हाई. तुमी सांगा. चिठ्ठीत नगा सांगू, येऊन सांगा.