जाहिदाच्या चौकशा

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. जाहिदाला तर गेलेल्यांच्याही खोडी ठाऊक करून घ्यायच्या असायच्या. चहात साखर किती लागायची, रागावल्यावर बोलायच्या की गप्प बसायच्या, कुठल्या कुशीवर झोपायच्या. काही म्हणून सोडायची नाही.

दोह्यात वारलेल्यांना गावी पाठवणं हा तिच्या सासरचा धंदा. सासरे महमूद रत्नागिरीचे सुतार, आले होते दारं-खिडक्या करायला. एक गाववाला वारला, त्याची पेटी कोण करणार म्हणून यांनी केली, आणि मग लोक पेटीसाठीच शोधत येऊ लागले. बायकांना अंघोळ घालायला परका पुरुष कसा चालेल? म्हणून सासूबाई ताहेरुन्निसा पुढे झाल्या, आणि त्या थकल्यावर जाहिदा. नवरा उस्मान कागदपत्रं नि विमानाचं बघायचा, आता मुलगा अरहान बघतो. पेट्या हल्ली तयार मिळतात.

अरहानला आईच्या चौकशांची लाज वाटायची. "अम्मी, क्लायंट रडत असतो आणि तू साखर विचारतेस! यापुढे एकही प्रश्न नाही. नेहमीसारखं करायचं, खलास."

"बरं बाबा," ती म्हणाली आणि तिने ओठ शिवून घेतले.

त्याच आठवड्यात शशिकलाबाई गेल्या. दोह्यातच, अल अझीझिया भागात राहणाऱ्या मुलाकडे, गंधारकडे, नाशिकहून आल्या होत्या नातीला बघायला. सकाळी उठल्याच नाहीत. गंधार शवागाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता. "तुम्ही नेहमी करता तसं करा," एवढंच म्हणाला. जाहिदाच्या जिभेवर किती प्रश्न आले, तिने गिळले. हॉस्पिटलने दागिने आधीच उतरवून पिशवीत घालून गंधारला दिले होते. मोकळे हात, मोकळं कपाळ, बाई आलेल्याही एकट्याच. म्हणजे नवरा नसणार, असं हिने मनाशी ठरवून टाकलं. अंघोळ घातली, केस मागे विंचरले, पांढऱ्या कापडात गुंडाळलं. पेटीचं झाकण बसलं. सील व्हायचं तेवढं राहिलं होतं.

तेवढ्यात नाशिकहून गंधारच्या वडिलांचा, गिरीशरावांचा फोन आला. गंधारने तो स्पीकरवर टाकला.

"हिरवी साडी नेसवली ना रे? सवाष्ण गेली माझी. कुंकू ठसठशीत लावा म्हणावं."

गंधार हातातल्या पिशवीकडे बघत राहिला. त्याला सुचलंच नव्हतं.

सील लागलं की पेटी थेट नाशिकला उघडणार, आणि गिरीशरावांना पहिलं दिसणार ते बायकोचं उघडं कपाळ. जाहिदाला स्वतःचा असा राग आला, की त्यातला अर्धा मुलावर निघाला.

"अरहान, झाकण काढ."

"अम्मी, कार्गोची वेळ…"

"काढ म्हणते ना!"

त्याने मुकाट्याने झाकण काढलं आणि तो सीलवाल्याला थांबवायला धावला. गंधार घरून साडी, बांगड्या आणि देवघरातला कुंकवाचा करंडा घेऊन आला. जाहिदाने त्याचा फोन मागून घेतला, नाशिकला लावला आणि दार लोटून घेतलं.

"भाऊ, मी जाहिदा. वहिनींना मीच तयार करतेय. माझ्या हातचं कुंकू चालेल ना?"

"तुमचे मालक आहेत?"

"आहेत की. घरी पाठ शेकत बसलेत."

"मग तुम्हीही सवाष्ण. लावा."

मग मात्र तिने काही म्हणून सोडलं नाही. कुंकू गोल की आडवं? निऱ्या बारीक की मोठ्या? पदर कसा घ्यायच्या? नाशिकचा तो म्हातारा एकेक उत्तर देत गेला. दोन दिवस लोक त्याला धीर देत होते, तिच्याबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. दाराबाहेर अरहान परत येऊन उभा होता. त्याने सीलवाल्याला हातानेच थांब म्हणून खुणावलं.

"भांग कसा पाडायच्या?"

"मधोमध. पण घाईत असली की जरा डावीकडे जायचा."

"मग कसा पाडू, भाऊ?"



"घाईतलाच पाडा," गिरीशराव म्हणाले.