मॅथ्यू ड्रायव्हरचा रोजचा एक फोटो

मॅथ्यूभाऊंनी उभा जन्म आगीचा बंब चालवला, पण बंब निघताना कसा दिसतो ते त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. मला हसूच आलं.

"असं कसं हो, भाऊ?"

"वैनी, मी आत बसलेला ना! लोक धावत येत, पोरं खिडक्यांना लटकत, बायका हात जोडत. मना काय दिसायचं? समोरचा रस्ता नि मध्येच आडवा आलेला सायकलवाला."

ही गोष्ट त्र्याहत्तर सालातली. अंधेरीच्या आमच्या गावठाणात क्रूसाला लागून त्यांचं घर आणि त्याच्या पलीकडे आमचं. आम्ही कोकणातून आलेले. ते इथलेच, वाडवडिलांपासूनचे. त्या वर्षी ते निवृत्त झाले आणि बंबाच्या स्टेशनातल्या गड्यांनी निरोपाला त्यांना कॅमेरा दिला. साधाच, काळा, डब्यासारखा. त्यावर दोनच खुणा होत्या, एक उन्हाची आणि एक ढगाची. ऊन नसलं की तो जवळजवळ आंधळाच.

दुसऱ्याच दिवशी भाऊंनी जाहीर केलं, रोज एक फोटो काढणार. एकच. चुकला तर चुकला, दुसरा काढायचा नाही. अण्णांच्या पिठाच्या गिरणीबाहेर त्यांनी काचेची एक पेटी ठोकली आणि तिच्यावर रंगाने लिहिलं, 'आजचा फोटो'. पण एका रोळात बारा फोटो. तो संपला की श्यामसुंदर स्टुडिओवाला धुऊन देणार, तेव्हा कुठे पेटीत रोज एकेक लागणार. त्यामुळे आजचा फोटो नेहमी बारा-पंधरा दिवसांपूर्वीचाच असायचा. दळण घेऊन उभ्या राहिलेल्या बायका टोमणे मारायच्या, "काय भाऊ, गणपती बुडाले, तुमच्या पेटीत अजून येतायत!"

पण बघायच्या सगळ्याजणी. काय काय आणलं त्या माणसाने त्या पेटीत! गिल्बर्ट हिलचा काळा सरळसोट कडा आणि त्याच्या माथ्यावर आमच्या गावदेवीचं देऊळ, काड्यापेटीएवढं. बोरिवलीची कान्हेरी लेणी. घाटकोपरच्या पोरींचा खो-खो, त्यात एकीची वेणी हवेत उभी. मालाडच्या बाजारातला तोल सांभाळणारा हमाल. मी या जागा कितीदा पाहिलेल्या, पण पेटीत लागल्या की वाटायचं, अगं बाई, हे आपलंच का?

आणि यातला एकही फोटो त्यांना काढायचा नव्हता.

त्यांना हवा होता तो बंब. घंटी झाल्यावर फाटकातून सुटणारा बंब. रोज सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून ते स्टेशनच्या फाटकासमोर स्टुलावर बसायचे आणि दुपार कलेपर्यंत वाट बघायचे. घंटी झाली नाही की मग नाइलाजाने उठून, मिळेल ती बस पकडून, उरल्या उन्हात दुसरं काहीतरी टिपायचे. म्हणून त्यांच्या सगळ्या फोटोंत सावल्या लांबच लांब. बरं, बंब बाहेर पडायचाच नाही असं नाही. पण तो नेमका पहाटे जायचा, नाहीतर भाऊ घाटकोपरला पोचल्यावर.

त्यांच्या जागी आलेला ड्रायव्हर नंदू, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. तो म्हणाला, "मास्तर, सोमवारी ड्रिल असतं. पायजे तेवढ्यांदा बाहेर काढतो गाडी, काढा फोटो."

"ड्रिलला तुमची तोंडं झोपलेली असतात रे," भाऊ म्हणाले. "मना खरी पायजे."

यात एक गोची होती, आणि ती त्यांच्या बायकोने, रोझमेरीने, पहिल्यांदा बोलून दाखवली. "बाय, ह्यांचा फोटो व्हायला कुणाचंतरी घर जळायला पायजे. हे स्टुलावर बसून त्याचीच वाट बघतात, ठाव हाय?"

ते भाऊंच्या जिव्हारी लागलं. रविवारी ते मिसाला गेले तेव्हा फादरांपाशी पापकबुली देऊन आले. मी विचारलं, "काय म्हणाले फादर?"

"म्हणाले, स्टूल घरी आण."

"आणलंत?"

"रोझरीची माळ जपली. स्टूल तिथंच हाय."

मीही काही कमी पेचात नव्हते. गावदेवीपुढे दिवा लावताना रोज म्हणायचे, आई, कुठे आग लागू देऊ नकोस. आणि उठता उठता पुढे जोडायचे, आणि मॅथ्यूभाऊंना त्यांचा फोटो मिळू दे. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते तुझं तू बघ.

जानेवारीत कबड्डीचे सामने भरले. मैदान स्टेशनच्या भिंतीला खेटून. अंतिम सामन्याला एकीकडे आमच्या गावठाणाचं मंडळ आणि दुसरीकडे चक्क बंबवाले! स्टेशनच्या साहेबांनी ड्युटीवरच्यांनाही खेळायला परवानगी दिली होती, पण अट एकच. घंटी वाजली की खेळ टाकून धावायचं. रविवारची दुपार, सगळं गावठाण लोटलेलं. मी आणि रोझमेरी भिंतीपाशी चटई टाकून बसलो. आमच्या मंडळाचा कर्णधार चंद्रप्रकाश, अंगाने पहाड, पण एक खोड मोठी वाईट. बाद झाला तरी कधी कबूल करायचा नाही. "लागलाच नाय!" हे त्याचं ठरलेलं. पंच मधुकर सर त्याला कंटाळलेले. बंबवाल्यांचा धोंडू किडकिडीत, विजेसारखा.

सामना अगदी रंगात आला होता. धोंडू चढाईला निघाला, ओठांवर कबड्डी-कबड्डी, आणि भिंतीपलीकडे घंटी घणघणली.

धोंडू होता तिथून वळला. सातहीजण चड्डी-बनियनवर, अनवाणी, भिंतीवरून उड्या टाकून आत! मैदानात एकच हलकल्लोळ. रोझमेरीने माझा दंड घट्ट धरला. "बाय, हे कुठंत?"

भाऊ फाटकासमोर होते. स्टुलावर नाही, उभे. सूर्य पाठीशी, कॅमेरा डोळ्याला, बोट खटक्यावर. इतक्या महिन्यांनी सगळं जमून आलं होतं. आत इंजिन गुरगुरलं. आम्ही दोघी उठून धावलोच तिकडे.

आणि कॅमेऱ्यातून भाऊंना दिसलं ते भलतंच. सामन्याला आलेल्यांच्या सायकली फाटकाला टेकवलेल्या, एकीत एक अडकलेल्या, आणि त्यांच्यापुढे भेळवाल्याची हातगाडी. भेळवाला स्वतः सामना बघायला गेलेला. बंब निघणार कुठून?

मी बघत होते. त्यांनी कॅमेरा खाली केला, एक क्षण. मग पाठीवर फेकला आणि धावले. सायकली उचलून उचलून गटारापलीकडे टाकल्या, हातगाडीला खांदा लावला. कुरमुरे उडाले, चटणीची बरणी फुटली. तशीच गाडी ढकलत रस्त्याच्या पार नेली आणि मग रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे राहिले. समोरून येणारी बस करकचून थांबली.

"ये! ये नंदू! डावीकडं घे! सोड आता!"

बंब सुटला. लाल, चकाकता, पितळी घंटा वाजवत. त्यांच्या अंगापासून वीतभर अंतरावरून वळून गेला. आणि रस्ता एकदम रिकामा.

मी धापा टाकत विचारलं, "काढलात?"

त्यांनी पाठीवरचा कॅमेरा पुढे घेऊन बघितला. "नाय."

रोझमेरीने त्यांच्या सदऱ्यावरची चटणी पदराने पुसली, त्यांनी पुसू दिली.

इकडे मैदानात वाद पेटलेला. मधुकर सर नियम सांगत होते, मैदान सोडून गेलेला संघ हरला. आणि आडवा कोण आला? चंद्रप्रकाश!

"असला कप नको मला, सर. ते काय सिनेमाला गेलेत? येतील तवा खेळू."

सर म्हणाले, "आणि अंधार झाला तर?"

"मग अंधारात खेळू!"

मग सगळे वाट बघत बसले. बातमी आली, जोगेश्वरीकडच्या तबेल्यात गवताची गंजी पेटली होती. म्हशी सुखरूप, माणसं सुखरूप. मी हात जोडले. रोझमेरीने क्रूसाची खूण केली. आणि सूर्य चाललेला खाली. भाऊ एकदा त्याच्याकडे बघत, एकदा कॅमेऱ्याकडे. आजचा फोटो अजून शिल्लक होता.

बंब परतला तेव्हा मैदानावर उन्हाची एकच पट्टी उरली होती. सातहीजण उतरले ते कोळशाच्या खाणीतून आल्यासारखे. तोंडं काळी, हात काळे, दात तेवढे पांढरे. कोणी म्हणालं, हातपाय धुऊन या. धोंडू म्हणाला, "ऊन जाईल यार! चल!"

आणि तसाच काळ्या हातांनी चढाईला गेला.

काय चढाई होती ती! डावीकडे झुकला, उजवीकडे शिरला, चंद्रप्रकाशच्या मागून हात फिरवला आणि सापासारखा निसटून रेषेपार. मधुकर सरांनी शिट्टी मारली. "चंद्रप्रकाश बाद!"

"लागलाच नाय! सर, आईशप्पथ नाय! कोण म्हणतो लागला? हे बघा!" असं म्हणत तो गर्रकन पंचांकडे पाठ करून उभा राहिला.

पांढऱ्याशुभ्र बनियनवर पाचही बोटं. काळी कुळकुळीत, अंगठ्यासकट.

सगळं मैदान हसून फुटलं. पंचांची शिट्टी तोंडातून गळाली. त्याच्याच मंडळाचे गडी जमिनीवर लोळायला लागले. चंद्रप्रकाश एकटाच विचारत होता, "काय झालं? काय हाय रे मागं?" आणि मान वळवून स्वतःची पाठ बघायचा प्रयत्न करत होता. त्या शेवटच्या उन्हाच्या पट्टीत भाऊ रेषेपाशी गुडघ्यावर बसले होते. खटका मी स्वतः ऐकला.

सामना बंबवाले हरले. दमले होते बिचारे. पण त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. धोंडूने चंद्रप्रकाशला मिठी मारून त्याची पुढची बाजूही काळी केली.

फोटो पेटीत लागायला पुढे कितीतरी दिवस गेले, आणि गावठाणाला दम नव्हता. जो तो श्यामसुंदरला विचारी, रोळ संपला का? लागला त्या सकाळी गिरणीपुढे ही गर्दी! चंद्रप्रकाश आला, बघितलं, म्हणाला, "बेकार काढलाय." आणि हळूच भाऊंच्या कानाशी, "एक मला पण द्या ना. आईला दाखवतो."

गिरणीवाल्या अण्णांनी तेवढ्यात विचारलं, "पण मॅथ्यू, तुझ्या बंबाचा फोटो तो राहिलाच ना रे?"

मला वाटलं, आता भाऊंचा चेहरा पडणार.

"राहिला तर राहिला! फोटो कशाला? मी बघितला ना!" भाऊ म्हणाले आणि दळणाच्या रांगेतून थेट रस्त्यात उतरले. "समोरून बघितला! इथं मी उभा, असा. आणि तो असा आला, अण्णा, असा! नंदूचे दात आवळलेले. धोंडू एका हाताने लटकलेला, दुसऱ्या हाताने कोट चढवतोय, बाही सापडेना. नि घंटा! आत बसल्यावर घंटा नुसती डोक्यात वाजते रे, बाहेरून ती इथं वाजते, इथं!" त्यांनी छातीवर थाप मारली. "लोक का धावत यायचे ते मना आता समजलं. वैनी, तुमी बघितलं ना? सांगा यांना!"

"बघितलं, बघितलं," मी म्हटलं. "आता बाजूला व्हा."

त्यांच्या मागे बस येऊन थांबली होती आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. भाऊ मात्र रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून, बंब कसा वळला ते दाखवतच होते.